एक टक्का जास्त

माझ्या बाकावर तीन फूटपट्ट्या आहेत आणि तिन्ही खोट्या आहेत. दिसायला नेहमीच्या स्टीलच्या, पण एकीवरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा १० मिलिमीटर लांब, दुसरीवरचा १३, तिसरीवरचा २०. पहिली बीडासाठी, दुसरी अॅल्युमिनियमसाठी, तिसरी स्टीलसाठी. ओतलेला धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून फौंड्रीसाठी आम्ही जो पॅटर्न करून देतो तो मुद्दाम मोठा ठेवावा लागतो. किती मोठा, ते धातू ठरवतो. १०० मिलिमीटरचं काम हवं असेल तर बीडाला १०१ चा पॅटर्न. शिवाय मशीनिंगसाठी वेगळा माल सोडायचा, आणि साच्यातून पॅटर्न अलगद निघावा म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा. नवा पोरगा आमच्या पट्टीवर १०० वाचतो, साध्या पट्टीवर १०१ भरतं, आणि मग तो पट्टीकडे नाही, माझ्याकडे संशयाने बघतो.

आमचं पॅटर्न शॉप कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आहे. आजोबा कोडोलीकडचे. सांगलीला मिशनची औद्योगिक शाळा होती, तिथं ते सुतारकाम शिकले आणि पुढे दारं-खिडक्या करत कोल्हापुरात आले. वडिलांच्या वेळी शेतीपंपांच्या ऑइल इंजिनांचा जमाना आला. उद्यमनगरात बोळाबोळातून इंजिनं बनायला लागली, तशी ओतकामाला पॅटर्न करणारे हात हवे झाले, आणि वडील चौकटी सोडून पॅटर्नकडे वळले. त्यांच्यानंतर मी. बाहेरगावचे पाळक आमच्याकडे आले की भुसा झटकत, येशूही सुतार होता, हे हमखास सांगतात. मीही दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी मान डोलावतो.

आमच्या मंडळीत समाधानावरचा संदेश दरवर्षी ठरलेला. पौलाने तुरुंगातून फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेलं पत्र उघडायचं आणि भरल्या पोटी असो की उपाशी, आहे त्यात तृप्त राहायला तो शिकला होता, हे सांगायचं. त्याच पत्रात एखादं पान अलीकडे हाच माणूस मागचं सगळं विसरून बक्षिसाकडे धावत सुटलेला असतो. हे दोन उतारे आमच्याकडे वेगवेगळ्या रविवारी येतात. धावण्याचा तरुण संघाच्या मेळाव्याला, तृप्तीचा कापणीच्या सणाच्या आसपास. एकाच दिवशी दोन्हींवर बोललेलं मी अजून ऐकलेलं नाही.

मी धंदेवाला, त्यामुळे मला त्या पत्रात तिसरंच दिसतं. ते पत्र एका परीने पैसे पोचल्याची पावती आहे. फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली होती. ती मिळाली, भरपूर झालं, असं पौल शेवटी शेवटी कळवतो. म्हणजे तृप्तीची भाषा बोलणारा पैसे नाकारून बसलेला नाही, आभार मानून घेतोय. आणि तो स्वतः कारागीर. करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवून त्याने पोट भरलेलं. गिऱ्हाइकाचा वायदा आणि राहिलेलं बिल म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

तेव्हा माझी अडचण उताऱ्याशी नाही, वक्त्याशी आहे. समाधानी राहा हे कोण कुणाला सांगतंय, ते बघितल्याशिवाय मला त्यातलं काही पटत नाही.

माझ्या पणजोबांनाही गावाने हेच सांगितलं होतं. वेशीबाहेर राहा, सांगितलेलं काम करा, मिळेल ते घ्या, वर बघू नका. वरून देवाचं नावही घातलेलं. मिशनची शाळा निघाली आणि आमच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी पाटी हातात धरली, ती हे समाधान मोडूनच. याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत ते तरुण आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहिले. आजोबा लहानाचे मोठे झाले ते या हवेत. त्यांच्या पिढीतल्या आमच्या मुली मिरजेला नर्सिंग शिकायला गेल्या, मुलं मास्तर झाली, कंपाउंडर झाली, सुतार झाली. त्यांना महत्त्वाकांक्षी म्हणा हवं तर. माझ्या लेखी ती त्यांची भक्तीच होती. आपल्याला देवाने माणूस म्हणून केलंय, हे त्यांनी गावाला परीक्षा पास होऊन सांगितलं.

आमच्या मिशनचा इतिहासही काही समाधानी माणसांचा नाही. रॉयल गुल्ड वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि शाळा काढायला लागले. अमेरिकेतल्या त्यांच्या बोर्डाला शाळांवरचा एवढा भर पसंत नव्हता. बोर्डाने कोल्हापूरचं केंद्र बंद करायचं ठरवलं, तरी हे गृहस्थ स्वतःच्या हिमतीवर परत आले आणि बोर्डाच्या पाठबळाशिवाय काम रेटत राहिले. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनने ते काम आपल्याकडे घेतलं. वरिष्ठांनी पुरे म्हटल्यावर ते गप्प बसले असते तर तेही आज्ञाधारकपणाचं उदाहरण म्हणून कुठं ना कुठं सांगितलं गेलं असतं.

त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथं कोल्हापुरातच जन्मला. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मन इथल्या शिबिरात शंभर विद्यार्थी परदेशी मिशनकार्याला तयार झाले, त्यामागे ज्यांची धडपड होती त्यांत हा रॉबर्ट पुढे. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीचं ध्येय काय, तर एका पिढीत साऱ्या जगाला सुवार्ता. कोल्हापूरच्या पोराने आकडा धरताना हात आखडला नाही! त्याची बहीण ग्रेस. वडील १८८७ मध्ये वारले, त्यानंतर ती आईबरोबर कोल्हापूरला परत आली आणि इथल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांमध्ये काम करत राहिली. भाऊ देशोदेशी हिंडला, चळवळीच्या इतिहासात त्याचं नाव गेलं. बहिणीचं नाव शोधावं लागतं. आमच्या शहरातल्या वायल्डर मेमोरियल चर्चवरून जाताना माझ्या डोक्यात तीच येते. तिला भावापेक्षा कमी हवं होतं असं मला मुळीच वाटत नाही. तिला तेवढंच हवं होतं, फक्त चालत जाता येईल एवढ्या अंतरात.

तिकडे मिरजेला डॉ. वॉन्लेस. १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं, मग वैद्यकीय शाळा काढली, पुढे कुष्ठरोग्यांची सोय झाली, क्षयरोग्यांची झाली, १९२८ मध्ये 'सर' झाले. आहे त्यात भागवणारा माणूस एवढा पसारा मांडत नाही.

दुसऱ्या टोकाला रेव्हरंड नारायण वामन टिळक. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते ख्रिस्ती संन्यासी झाले, 'देवाचा दरबार' काढला. त्यांची भजनं आम्ही आजही उपासनेत गातो, गाताना आवाज जड होतो. पण लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचायला घेतली की माझ्यातला दुकानदार जागा होतो आणि हिशोब लावायला लागतो. टिळकांनी हातातलं उचलून देऊन टाकायचं आणि चुलीवर काय चढवायचं ते लक्ष्मीबाईंनी बघायचं. नवऱ्याच्या निरिच्छपणाची उधारी बायको फेडत होती, आणि वर ते सगळं हसत हसत लिहून ठेवत होती. हे पुस्तक माझ्या बायकोने लग्नानंतर लगेच माझ्या हातात ठेवलं होतं. का ठेवलं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

तेव्हा समाधानाची गोष्ट निघाली की मी दोन गोष्टी विचारतो. सांगणारा कोण, आणि बिल कुणाच्या नावावर.

आता माझ्या धंद्याचं सांगतो. सगळं लाकडी काम होतं तोवर स्पर्धा हाताची होती. सागवान चांगलं मुरलेलं असावं, पटाशीला धार असावी, आणि ड्रॉइंग बघून पोकळी डोक्यात उलटी दिसावी; एवढ्यावर वडिलांचं आयुष्य निघालं. मग फौंड्र्या मोटारींच्या आणि ट्रॅक्टरच्या कामाकडे वळल्या. एकाच पॅटर्नवर हजारो साचे निघायला लागले, आणि वाळूने लाकूड झिजतं. पावसाळ्यात मुरलेलं सागवानसुद्धा फुगतं. ड्रॉइंग कागदावर यायचं बंद होऊन संगणकावर यायला लागलं. अशा वेळी मी कर्ज काढून व्हीएमसी घेतलं, म्हणजे संगणकात भरलेला प्रोग्राम वाचून धातूत आपणहून आकार कोरणारं मशीन. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी शेकहँड करताना विचारलं, "अजून किती रे मोठं व्हायचंय तुला?" मोठं व्हायला नव्हतं घेतलं, दार उघडं राहावं म्हणून घेतलं होतं. पण मशीनला फुलांचा हार घालून प्रार्थना चालली असताना छाती फुगली होती, हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, आणि बाहेरच्याला त्यातलं एकच दिसतं.

मशीन आल्यावर फरक पडला तो रविवारी. आमच्या गल्लीतली सुट्टी सोमवारी, त्यामुळे रविवारची सकाळ ही आमच्या घराने धंद्यातून ओढून काढलेली. लाकडाचं काम होतं तेव्हा सोपं होतं. माणूस नाही तर काम नाही. मशीनला माणूस लागत नाही. फिनिशिंगचा प्रोग्राम एकदा लावला की ते रात्रभर कोरत बसतं. मग शनिवारी रात्री लावून रविवारी उपासनेला गेलं तर चालेल का? शटर बंद, कामगार घरी, मी चर्चच्या बाकावर, नियम कुठला मोडला? नियम नाही मोडत. पण टूल तुटलं तर पूर्ण ब्लॉक वाया, या विचाराने मी प्रभुभोजनाच्या रांगेतही घड्याळ बघायला लागलो. शेवटी घरात ठरलं, रविवारी दुपारपर्यंत मशीनचा मेन स्विच बंद. एका फौंड्रीच्या परचेसवाल्याला हे फोनवर समजावून सांगताना त्याने विचारलं, "मशीन बी ख्रिश्चन हाय काय?"

दशांशाचा घोळ वेगळाच. पगारदाराला सोपं आहे, दहातला एक. आमच्यासारख्याने दहावा हिस्सा काढायचा कशाचा? बिलाच्या रकमेचा? त्यातला जीएसटी सरकारचा. नफ्याचा? तो कागदावर असतो, हातात नसतो, कारण लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा कायदा म्हणतो आणि बाजार कायदा वाचत नाही. हप्ता मात्र महिन्याच्या ठरल्या तारखेला जातो. माझ्या सीएला एकदा विचारलं, तर त्याने गंभीरपणे सल्ला दिला की ॲडव्हान्स टॅक्ससारखं अंदाजे भरा, वर्षअखेरीस देवाशी मिळवून घ्या. मी तेच करतो.

हिशोबापलीकडचं दान बघायचं तर कापणीच्या सणाला यावं. लोक शेतातलं, परसातलं पहिलं फळ वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. पपई, नारळ, गुळाची ढेप, पाय बांधलेली कोंबडी. कोंबडीवर दोन घरं हटून बसली की बोली कुठल्या कुठं जाते, आणि पोरं टाळ्या पिटतात. ज्यांनी तासाभरापूर्वी समाधानाच्या संदेशाला आमेन म्हटलेलं असतं, तीच मंडळी त्या कोंबडीसाठी बाजारभावाच्या कितीतरी वर चढतात. पैसे मंडळीलाच जातात म्हणून पाळकसाहेब हसत असतात. मलाही यात वावगं दिसत नाही. ईर्ष्या माणसातून काढून टाकता येत नसेल तर तिला कामाला लावावं, हे आमच्या मंडळीतल्या बायकांनी केव्हाच ओळखलंय. कोंबड्या त्याच आणतात.

मध्यंतरी एका गिऱ्हाइकाने भागीदारीचं बोलणं काढलं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत प्लॉट, तीन नवी मशीनं, पॅटर्नबरोबर पुढचं मशीनिंगही आपलंच. मी नाही म्हटलं. बातमी मंडळीत फिरली आणि मी एकदम समाधानी माणसाचा नमुना झालो. एका प्रार्थनासभेत तर नाव न घेता माझं उदाहरणही आलं. खरी कारणं साधी होती. माझे गुडघे दुखतात, मुलीला या धंद्यात रस नाही, आणि भागीदारीत माझ्या वाट्याला फायली आल्या असत्या, बाक गेला असता. यात पवित्र काही नाही.

आणि समाधानी? त्याच दिवसांत माझी झोप एका व्हॉल्व्ह बॉडीने उडवलेली होती. आतून तेलाच्या वाटा एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या, भिंत जेमतेम बोटाच्या पेरापेक्षा पातळ. प्रत्येक वाटेला वाळूचा वेगळा कोअर, ते सगळे एकमेकांत बसले पाहिजेत, धातूचा रस शिरताना हलता कामा नयेत, आणि आतला गॅस बाहेर पडायला वाट राहिली पाहिजे. नाहीतर कास्टिंगला भोकं. हे काम दुसऱ्या एका शॉपने करून दाखवल्याचं कळलं आणि मला जेवण गोड लागेना. कागलचा प्लॉट मी सहज सोडला, पण तो कोअरबॉक्स, म्हणजे ते कोअर पाडायचा साचा, सोडवत नव्हता. जब्दीच्या मुलांनी येशूकडे उजव्या-डाव्या बाजूच्या जागा मागितल्या, त्यावर आमच्याकडे नेहमी नाराजीच्या सुरात बोललं जातं. मला ते दोघे जवळचे वाटतात. त्यांनी निदान मागितलं तरी तोंडावर.

वडील म्हणायचे, मागणंही पॅटर्नसारखं असावं, हव्यापेक्षा जरा जास्त. थंड झाल्यावर मापात बसतं. ऐकायला छान आहे. पण बीड किती आक्रसतं ते तक्त्यात मिळतं. माणसाचा तक्ता नाही. माझ्याबरोबर शिकलेल्यांतले काही जण वीस टक्के जास्त मागून बरोबर मापात बसले, आणि एक-दोघांनी काहीच मागितलं नाही तरी ते आक्रसले ते आक्रसलेच.

आता एका पोराचं. आमच्याकडे एक पोरगा लहान वयात आला, झाडू मारण्यापासून सुरुवात, पुढे व्हीएमसीचा प्रोग्राम माझ्यापेक्षा झपाट्याने लिहायला लागला. मंडळीतला नव्हे, गांधीनगरच्या बाजूला राहणारा. एका संध्याकाळी हात धुऊन समोर उभा राहिला. "मालक, भोसरीवाले दीडपट देतायत. तुमी काय ते बोला."

घरी जेवताना विषय निघाला. आमचे एक नातेवाईक बसले होते, त्यांनी लगेच शास्त्र काढलं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने शिपायांना आपल्या पगारात तृप्त राहायला सांगितलं होतं, लूकच्या तिसऱ्या अध्यायात आहे, पोराला तेच सांग. अध्याय बरोबर होता. पण त्याच दमात योहान त्या शिपायांना लोकांकडून जुलमाने पैसे उकळू नका असंही बजावतो. हातात तलवार असलेल्यांना केलेला उपदेश आहे तो. माझ्या पोराच्या हातात स्पॅनर होता. आणि मजुराची दाबून ठेवलेली मजुरी देवाच्या कानावर जाते, असं याकोबाच्या पत्रात आहे. ते मालकांसाठी आहे, ते आमच्या नातेवाइकांनी काढलं नाही. मी समाधानाचा उपदेश ऐकून घेईन, कधीमधी स्वतःला करीनही. पण ज्याच्या पगाराच्या पाकिटावर माझी सही असते त्याला तो करण्याचा मला काहीएक अधिकार नाही.

मला झेपेल तेवढं वाढवलं. दीडपट काही झालं नाही. तो वर्षभर राहिला, मग गेला, पण भोसरीला नाही. आमच्यापासून दोन बोळ पलीकडे पत्र्याचं शेड भाड्याने घेतलं आणि स्वतःची पाटी लावली. उद्घाटनाचा नारळ मला फोडायला लावला. पुढच्या पावसाळ्याच्या आधी एका पंपाच्या केसिंगचं काम निघालं, पॅटर्न बसवलेली मॅच प्लेट आणि कोअरबॉक्स धरून. आम्ही दोघांनी कोटेशन दिलं. काम त्याला गेलं. चार दिवस मी त्या बोळातून गेलो नाही, लांबच्या रस्त्याने गेलो.

पाचव्या दिवशी तोच आला. त्याच्याकडे व्हीएमसी नाही, प्लेटचं रफिंग, म्हणजे सुरुवातीचं जाडंभरडं कोरकाम, माझ्या मशीनवर करून हवं होतं.

"रविवारी सकाळी मशीन बंद असतंय, ते धरूनच तारीख दिलीया मी त्यास्नी," तो म्हणाला. "रेट तेवढा बघून लावा."

"बाजारभाव," मी म्हटलं.

"मालक, मी तुमचा मानूस."

"म्हणून तर बाजारभाव. नायतर जास्त लावला असता."

बायकोने आतून चहा पाठवला. आम्ही ड्रॉइंग उघडलं.